धान्याच्या कोठीत सॅमनला धुरी

मराठवाड्यात सॅमनला थंड धुरी द्यायची तर वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने हाताशी असतात. थंड धुरीत मासा शिजत नाही, कच्चाच राहतो. धूर फक्त वास, रंग आणि वरचा थोडा कोरडेपणा देतो. त्यासाठी धुरीच्या पेटीच्या आतलं तापमान ३० अंशांच्या वर जाऊन चालत नाही, आणि खरं चांगलं काम १५ ते २२ अंशांमध्ये होतं. परभणी-संभाजीनगरकडे हे फक्त थंडीतल्या रात्रीच जमतं. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की परभणीचा पारा १० च्या खाली उतरतो, तेव्हा बाकी सगळी कामं बाजूला ठेवून सॅमन काढावा. मार्च उजाडला की थंड धुरीचा नाद सोडून द्यायचा. उरलेल्या वर्षात दोन प्रकार करता येतात: फ्रिजमध्ये मीठ-साखरेत मुरवलेला ग्रावलॅक्स, ज्याला धूर लागतच नाही, आणि गरम धुरी, ज्यात मासा पूर्ण शिजतो.

तिन्हींत मासा बिघडतो तो बहुतेक वेळा मीठ आणि तापमानामुळे. ‘कोणतं लाकूड वापरता?’ हा प्रश्न सगळे आधी विचारतात. आम्ही उलट विचारतो, ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा आणि थर्मामीटर घरात आहे का? नसेल तर आधी ते आणा, लाकडाचं नंतर बघू.

खरेदीपासून सुरुवात करू. आपल्याकडे ‘इंडियन सॅमन’ म्हणून रावस विकला जातो. मासा उत्तम, कालवणाला किंवा तळायला घ्यावा, पण तो वेगळ्या कुळातला आहे, चरबी कमी, आणि या कामाचा नाही. लागतो तो अटलांटिक सॅमन. आपल्यापर्यंत येणारा बहुतेक नॉर्वेच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेला असतो. मुंबईहून गोठवलेली एक बाजू, म्हणजे उभा चिरलेला अर्धा मासा, मागवता येते, कातडीसकट, वजन सव्वा ते दीड किलो. ‘ताजा’ म्हणून बर्फात घालून पाठवलेला मासा मे महिन्यात आपल्यापर्यंत पोचेपर्यंत किती वेळा पाण्यात पोहला असेल ते कुणीच सांगत नाही. कंपनीत गोठवलेलाच बरा, आणि त्याला आणखी एक ठोस कारण आहे. सॅमनमध्ये अनिसाकिस नावाच्या किड्याच्या अळ्या असू शकतात. मिठाने किंवा थंड धुरीने त्या मरत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवण्याचा आहे. तयार दाणेदार खाद्यावर पिंजऱ्यात वाढवलेल्या माशात हा धोका बराच कमी असतो, तरी समुद्रात मोकळा पकडलेला सॅमन असेल तर गोठवण्याला पर्याय नाही. घरच्या फ्रीजरवर भरवसा ठेवू नका. तो उणे १८ च्या आसपास घुटमळतो, आणि दिवसातून दोनदा लाइट जाणाऱ्या गावात तेवढाही राहत नाही.

पाकीट घेताना आत बर्फाचे खडे आणि गुलाबी पाणी गोठलेलं दिसलं तर मासा वाटेत एकदा सुटून पुन्हा गोठला आहे असं धरा. असा मासा मुरवल्यावर त्याच्या पाकळ्या एकमेकींपासून सुटतात, फटी पडतात आणि पातळ काप निघतच नाहीत. त्याला गरम धुरी द्या, तिथे फटी खपून जातात.

मासा फ्रिजमध्ये २४ तास ठेवून सोडवायचा. ओट्यावर नाही, कोमट पाण्यात तर अजिबात नाही. हवाबंद पाकीट असेल तर सुटायला ठेवण्याआधी ते कापून उघडायचं. बिनहवेच्या पाकिटात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचा मासळीत आढळणारा प्रकार साडेतीन-चार अंशांवरही वाढू शकतो, आणि तो विष तयार करतो.

सुटलेला मासा कोरडा पुसून कातडी खाली ठेवून पाटावर घ्या. डोक्याकडून शेपटीकडे बोट दाबत नेलं की मधल्या रेषेच्या वर बारीक काट्यांची रांग लागते. साधारण तीस काटे असतात, आणि दोन-तृतीयांश लांबीनंतर ते संपतात. चपट्या तोंडाचा चिमटा घेऊन, काटा ज्या तिरक्या दिशेने शिरला आहे त्याच दिशेने, म्हणजे डोक्याकडे, ओढायचा. सरळ वर उपसला तर मांस फाटतं. काटे आत्ताच काढा. मुरवल्यावर मांस आवळतं आणि ते तुटायला लागतात. कडेची पातळ पोटाची पट्टी वेगळी कापून घ्यावी, कारण जाड भाग मुरेपर्यंत ती खारट काडी होते. ती वेगळी, निम्म्या वेळात मुरवायची.

आता मीठ. दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत म्हणजे माशावर मीठ-साखरेचा जाड थर द्यायचा, किलोला १५०-२०० ग्रॅम मीठ आणि १०० ग्रॅम साखर, आणि १२ ते १८ तासांनी धुऊन काढायचं. स्कॉटलंडमध्ये कोरडं मीठ लावायची हीच परंपरा. यात वेळ चुकला की मासा चुकला: दोन तास जास्त झाले तरी कडा जर्दाळूसारख्या चिवट होतात. आम्ही दुसरी पद्धत वापरतो, मोजून घातलेल्या मिठाची. माशाचं वजन करा, त्याच्या ३ टक्के मीठ आणि दीड टक्का साखर. म्हणजे १ किलोला ३० ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम साखर. एवढंच दोन्ही बाजूंना चोळायचं, जाड भागावर थोडं जास्त, शेपटीकडे कमी, आणि जाड प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत हवा दाबून काढून बंद करायचं. अडीच-तीन सेंटीमीटर जाडीला फ्रिजमध्ये ४८ तास, त्याहून जाड असेल तर ७२. दर १२ तासांनी पिशवी उलटी करायची. सुटलेलं पाणी ओतून द्यायचं नाही, त्यातच मीठ आहे. या पद्धतीत अर्धा दिवस उशीर झाला तरी मासा जास्त खारट होत नाही, कारण आत जायला जास्तीचं मीठ उरलेलंच नसतं.

३ टक्क्यांच्या खाली चवीसाठी उतरू नका. माशाच्या पाण्यात मीठ किती, यावर जंतूंची वाढ ठरते. हवाबंद पाकिटातल्या धुरी दिलेल्या माशाला अमेरिकी नियमात पाण्याच्या भागात किमान साडेतीन टक्के मीठ लागतं. सॅमनमध्ये साधारण दोन-तृतीयांश पाणी असतं, म्हणजे किलोला ३० ग्रॅम घातले की पाण्यातलं प्रमाण चारच्या पुढे जातं; थोडं वाहून गेलं तरी आपण रेषेच्या वर राहतो.

मीठ चमच्याने मोजू नका. खडेमीठ जाडंभरडं असतं, चमच्यात पोकळी राहते. बारीक मीठ त्याच चमच्यात कितीतरी जास्त बसतं. खडेमीठ खलबत्त्यात ओबडधोबड कुटून, काट्यावर मोजून घ्यावं. साध्या आयोडीनच्या मिठानेही काही बिघडत नाही. काळं मीठ मात्र नको, त्याचा अंड्यासारखा वास माशात घुमतो. साखरेऐवजी गूळ घालायचा मोह आपल्याकडे होणारच. थंड धुरीत तो टाळा: गूळ ओलसर असतो, मिठाबरोबर गोळे धरतो, एका जागी गोड आणि एका जागी खारट असा मासा निघतो, आणि केशरी रंगावर तपकिरी छटा येते. गरम धुरीच्या खाऱ्या पाण्यात मात्र गूळच घाला, तिथे तो विरघळतो आणि रंगाला शोभतो.

मुरला की थंड पाण्याखाली झटकन धुऊन कापडाने टिपायचा. शेपटीकडचा एक काप चाखून बघा. जुन्या पद्धतीने केलेला फार खारट लागला तर बर्फाच्या पाण्यात २०-३० मिनिटं ठेवता येतो. मग जाळीवर, कातडी खाली, न झाकता फ्रिजमध्ये १२ ते २४ तास. पृष्ठभाग बोटाला किंचित चिकटला पाहिजे, ओला लागता कामा नये. या चिकट पापुद्र्यावरच धूर बसतो. ओल्या माशावर धुराचं पाणी होतं, ते आंबट-कडू लागतं आणि डाग पडतात. उलट टोकही आहे. आपली हिवाळ्यातली हवा दिवसा इतकी कोरडी असते की पंख्याखाली दुपारभर ठेवलेल्या माशावर कडक साल येते, आतली ओल आतच अडकते आणि कापताना वरची साल सुटून येते. म्हणून फ्रिजच बरा.

पेटीसाठी घरातली धान्याची पत्र्याची कोठी हा उत्तम ऐवज आहे. तीन-साडेतीन फूट उंच, वर झाकण, आणि खाली धान्य काढायचं लहान तोंड. खालून हवा आत आणि वरून धूर बाहेर, ही सोय आयतीच केलेली असते. मात्र ज्या कोठीत धान्याला किडीचं औषध, गोळी किंवा पावडर ठेवली गेली असेल ती घ्यायची नाही, कितीही घासली तरी. आतून रंग दिलेलीही नको. कोठी जस्ताच्या पत्र्याची असते, त्यामुळे मासा पत्र्याला टेकता कामा नये, आणि तिच्यात विस्तव करून गरम धुरी कधीच द्यायची नाही. वरच्या तिसऱ्या भागात आरपार दोन स्टीलच्या सळ्या घालून त्यावर स्टीलची जाळी ठेवली की झालं. मासा आणि भुसा यांच्यात किमान दोन फूट अंतर ठेवा.

भुसा आंब्याचा. केसरच्या बागा मराठवाड्यात भरपूर, छाटणीचं लाकूडही मिळतं. बाभूळ आणि पेरूही चालतं. बाभळीचा धूर जरा उग्र, वेळ कमी ठेवा. कडुनिंब कडू. सागाचा भुसा सुताराकडे फुकट मिळतो म्हणून आणू नका, तो तेलकट असतो. सुताराच्या दुकानातल्या झाडलोटीत प्लायवूडचा डिंक, पॉलिश आणि सनमायकाची धूळ असते, ती तर जाळूच नये. वखारीवर उभं राहून एकाच लाकडाचा भुसा घ्यावा आणि दोन दिवस उन्हात वाळवावा. गोवऱ्यांचा धूर हुरड्याला ठीक, या माशाला नाही.

स्टीलच्या बारीक जाळीचा दुहेरी तुकडा दोन विटांवर ठेवायचा, त्यावर भुशाची नागमोडी ओळ घालायची, तीन सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच उंच, वळणांमध्ये बोटभर मोकळी जागा. दोन वळणं एकमेकांना टेकली की आग उडी मारते आणि आठ तासांचा भुसा तीन तासांत संपतो. मेणबत्तीने एक टोक पेटवायचं, दोन मिनिटांनी ज्योत फुंकून विझवायची, उरतो तो फक्त निखारा, उदबत्तीसारखा सरकत जाणारा. १०० ग्रॅम भुसा रात्र काढतो. झाकणाखाली एका बाजूला काडी अडकवून सेंटीमीटरभर फट ठेवा आणि खालचं तोंड अर्धं उघडं. बाहेर येणारा धूर पातळ, निळसर हवा. पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे भुसा ओला आहे किंवा हवा कमी पडते आहे. भुसा वाया गेला तर जाऊ द्या, मासा आधी बाहेर काढा, कारण या धुरातलं डांबर एकदा बसलं की निघत नाही.

रात्री दहाच्या सुमाराला लावायचं, पहाटे पाचला उतरवायचं. सहा-सात तास पुरतात. जास्त धुरकट हवा असेल तर दिवसा मासा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या रात्री पुन्हा लावा. सलग सकाळपर्यंत ओढू नका. ऊन चढलं की पत्रा अर्ध्या तासात तापतो, माशाचं तेल बाहेर येतं आणि कडा शिजायला लागतात. पहाटेची एक अडचण खास कोठीची: थंड झाकणाला आतून पाणी सुटतं आणि काळपट थेंब थेट माशावर पडतात. झाकणाच्या खाली कोरडं मांजरपाट ताणून बांधलं की थेंब त्यात मुरतात. झाकणावर वीट ठेवा. मांजरांना हा वास अर्ध्या गल्लीतून कळतो.

फेब्रुवारीत रात्र १८-२० अंशांची असेल तर भुशाच्या वर, माशाच्या खाली गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवून काही अंश कमी करता येतात. त्यापुढे ओढाताण करू नये. कंपन्यांमध्ये हा सगळा खेळ यंत्राने होतो. ॲबर्डीनच्या टोरी संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात पंखा आणि तापमान नियंत्रणाची भट्टी तयार झाली, तेव्हापासून हवामानाकडे बघत बसायची गरज त्यांना उरली नाही. आपल्याला आहे.

उतरवल्यावर मासा बटर पेपरात गुंडाळून एक दिवस फ्रिजमध्ये ठेवायचा. लगेच खाल्ला तर वर राख आणि आत काहीच नाही असा लागतो. दिवसभरात वास आत पसरतो. कच्च्या, काटे काढलेल्या वजनाच्या तुलनेत १० ते १५ टक्के घट झाली असेल तर पोत बरोबर जमला आहे.

ग्रावलॅक्सला धूर नाही म्हणून तो मे महिन्यातही होतो, आणि त्याची मुख्य पालेभाजी आपल्या बाजारात जुडीने मिळते. स्कॅन्डिनेव्हियात त्यात जे डिल घालतात तो आपला शेपूच, आपला जरा जास्त उग्र. म्हणून किलोला एकच जुडी, तीही जाड देठं काढून. मीठ ३ टक्के तेच, साखर मात्र मिठाइतकीच, आणि १ चमचा जाडसर कुटलेले पांढरे मिरे. शेपू दोन्ही बाजूंना दाबून, पिशवीत, वर किलोभराचं वजन, ४८ तास. त्याबरोबरची स्वीडिश मोहरीची चटणी: दोन चमचे फेसलेली मोहरी, दोन चमचे साखर, एक चमचा व्हिनेगर एकत्र फेटायचं आणि सहा चमचे तेल थेंबथेंब घालत घट्ट करायचं, शेवटी बारीक चिरलेला शेपू. रिफाइंड करडईचं तेल इथे अगदी योग्य. घाण्याचं घातलं तर त्याचाच वास वर येतो. मोहरी आधी फेसून अर्धा तास ठेवावी, नाहीतर नाकात जाते.

गरम धुरीचं थोडक्यात. १ लिटर पाण्यात ८० ग्रॅम मीठ, ४० ग्रॅम गूळ. २०० ग्रॅमचे तुकडे फ्रिजमध्ये ४ ते ६ तास. पुसून दोन-तीन तास वाळवायचे. झाकणाच्या बार्बेक्यूत किंवा जुन्या लोखंडी कढईत तळाला आंब्याच्या ढलप्या, वर जाळी, वर घट्ट झाकण. पहिला तास ५० अंशांच्या आसपास, मग हळूहळू ८० पर्यंत. तुकड्याच्या मध्यात ६३ अंश येऊन तिथे अर्धा तास टिकले पाहिजेत. घाई केली की पांढरे गोळे वर येतात. ते माशातलं प्रथिन आहे, खायला हरकत नाही, पण ते दिसलं म्हणजे आच जास्त झाली आणि आत कोरडं पडलं. पैठणच्या नाथसागरातला कटला, रोहू याच रीतीने करा आणि फक्त याच रीतीने. गोड्या पाण्यातला मासा कच्चा मुरवून किंवा थंड धुरी देऊन खायचा नाही. कटल्याच्या पोटाकडचा चरबीचा भाग धुरीला छान लागतो, काट्यांची तयारी ठेवा.

कापणं हे वेगळंच कौशल्य. मासा अर्धा तास फ्रीजरमध्ये घट्ट करून घ्या. लांब, पातळ, लवचीक सुरी, धार केसाची. शेपटीपासून थोडं आत सुरुवात करून शेपटीच्या दिशेने, जवळजवळ आडवी सुरी, एका लांब ओढीत, दोन मिलिमीटर जाड. खालीवर करवतलं की कापावर पायऱ्या उमटतात. कातडीजवळचा तपकिरी पट्टा ताटात घेऊ नका, त्याची चव तेलकट आणि कडवट असते.

न्यूयॉर्कमध्ये बेगल (कड्यासारखा गोल पाव), क्रीम चीज, कांदा आणि केपर्स (खारवलेल्या आंबट कळ्या) यांच्याबरोबर देतात. तिथल्या जुन्या अर्थाने लॉक्स म्हणजे फक्त खाऱ्या पाण्यात मुरवलेला, बिनधुराचा. हलकं मीठ आणि थंड धुरीचा तो नोव्हा. रशियन पद्धतीत लहान ब्लिनी (धिरड्यासारखे) आणि आंबट साय, स्कॉटलंडकडे ब्राऊन ब्रेड, लोणी, लिंबू. आपल्या ताटात शाळूच्या ज्वारीची पातळ भाकरी बसते, फक्त ती निवलेली हवी. तव्यावरून उतरलेल्या भाकरीवर माशाची चरबी वितळते आणि मासा अर्धवट शिजल्यासारखा होतो. भाकरीचे त्रिकोण, त्यावर सहा तास टांगलेल्या ताज्या दह्याचा चक्का, किंचित मीठ, मग एक घडी घातलेला काप, पाण्यात दहा मिनिटं ठेवलेला पांढरा कांदा, शेपूची काडी. केपर्स नसतील तर खारवलेली कैरी मोहरीएवढी चिरून. लिंबू खाताना पिळायचं. आधी पिळलं तर काप पांढरा पडतो. हुरड्याचा आणि धुरीचा हंगाम एकच, त्यामुळे चक्का आणि कापाबरोबर कोवळा हुरडाही एकदा ठेवून बघाच. ठेचा मात्र दूर ठेवा. इतकी मेहनत करून ठेच्याचीच चव घ्यायची असेल तर बोंबील काय वाईट?

माणशी ५० ते ६० ग्रॅम पुरतो, मासा चरबीचा आहे. उन्हाळ्यात ताट बर्फावर ठेवून, अर्ध्या तासात संपेल एवढाच बाहेर काढायचा. थंड धुरीचा आणि ग्रावलॅक्स दोन्ही कच्चेच असतात. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, गोठवण्याने आणि मिठाने मरत नाही. गरोदर बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं आणि आजारपणातून उठलेल्यांना हा मासा देऊ नये, त्यांच्यासाठी गरम धुरीचा ताजा तुकडा करा. फ्रिजच्या आकड्यावर विश्वास न ठेवता पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर आत ठेवा. मे महिन्यात ८-१० अंश दिसले तर आश्चर्य नाही, आणि तसं असेल तर मासा त्याच दिवशी संपवा. ४ अंशांच्या आत असेल तर पाच दिवस. मोठी बाजू केली असेल तर पहिल्याच दिवशी २०० ग्रॅमची पाकिटं करून गोठवा, दोन महिने चव टिकते.

कडेचे तुकडे आणि शेपटी चक्क्यात बारीक चिरून, मिरपूड घालून भाकरीला लावायला होतात. कातडी फेकू नका. खवले आधी काढलेले असतील तर ती दहा मिनिटं पाण्यात ठेवून खारटपणा उतरवायचा, कोरडी पुसायची, आणि मंद तव्यावर वर वजन ठेवून दोन्हीकडून पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत भाजायची. तेल घालायची गरज पडत नाही, तिचंच सुटतं.